अनंत लक्ष्मण कान्हेरे

अनंत लक्ष्मण कान्हेरे (जन्म : ७ जानेवारी १८९२, आयनी, तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी, मृत्यू : १९ एप्रिल १९१०, ठाणे कारागृह) हे ब्रिटिश राजवटीविरुद्ध सशस्त्र मार्गाने लढणारे मराठी क्रांतिकारक होते. नाशिकचा जिल्हाधिकारी आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन याच्यावर २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात त्यांनी गोळ्या झाडल्या. या खुनाबद्दल मुंबई उच्च न्यायालयात खटला चालून त्यांना आणि त्यांचे सहकारी कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांना एकाच दिवशी फाशी देण्यात आले.

कान्हेरे यांच्या जन्मसालाबद्दल दोन पाठ आढळतात. बहुतेक ठिकाणी १८९२ हे साल दिलेले असते, तर काही चरित्रपर लिखाणात १८९१ हे साल येते. १८९२ हे साल धरल्यास कृत्याच्या दिवशी त्यांना अठरा वर्षे पूर्ण होण्यास १७ दिवस कमी होते. १८९१ धरल्यास ते जवळजवळ एकोणीस वर्षांचे होते. त्या काळच्या कायद्याच्या दृष्टीने या फरकाला काहीही महत्त्व नव्हते. आजच्या बालन्याय कायद्यात मात्र एवढ्याच फरकावर आरोपी बालक की प्रौढ हे ठरते आणि त्यानुसार खटल्याचे ठिकाण, पद्धत व शिक्षेची कमाल मर्यादा बदलते. त्यामुळे कान्हेरे यांचे चरित्र स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाइतकेच, अल्पवयीन व तरुण गुन्हेगारांविषयीच्या कायद्याच्या इतिहासाच्या दृष्टीनेही अभ्यासण्याजोगे आहे.

बालपण आणि शिक्षण

अनंत कान्हेरे यांचा जन्म कोकणातील खेड तालुक्यातल्या एका ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांना भाऊ व बहिणी होत्या. उपजीविकेसाठी व शिक्षणासाठी गाव सोडून नातेवाइकांच्या आश्रयाने राहण्याची त्या काळच्या कोकणी कुटुंबांची रीत त्यांच्याही वाट्याला आली. पुढील शिक्षणासाठी ते औरंगाबाद येथे (आताचे छत्रपती संभाजीनगर) आले. तेथे त्यांचे मामा राहत असत. काही काळ ते बार्शी येथे थोरल्या भावाकडेही राहिले.

औरंगाबाद त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. ब्रिटिश मुलखातील पोलिसांची नजर तेथे थेट पोहोचत नसे. मुंबई इलाख्यातील गुप्त मंडळांशी संबंध ठेवणारे काही तरुण तेथे जमत. १९०८ च्या सुमारास कान्हेरे हे गंगाराम नावाच्या मारवाडी मित्राच्या घरी खोली घेऊन राहू लागले. या मैत्रीवर आधारलेली ‘मित्रप्रेम’ नावाची एक कादंबरीही त्यांनी लिहिली. गंगाराम व त्याच्या परिचितांमुळे कान्हेरे यांचा गुप्त मंडळाच्या विचारांशी संबंध आला. गुप्त मंडळात येण्यापूर्वी त्यांच्यावर कोणताही फौजदारी आरोप झालेला नव्हता. घरापासून दूर राहणारा एक शाळकरी विद्यार्थी हीच त्यांची ओळख होती.

नाशिकमधील गुप्त मंडळ

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नाशिक हे सशस्त्र क्रांतिकार्याचे मोठे केंद्र बनले होते. सावरकर बंधूंनी व त्यांच्या मित्रांनी स्थापन केलेल्या मित्रमेळ्याचे १९०४ मध्ये ‘अभिनव भारत’ या संघटनेत रूपांतर झाले. विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये लंडनला गेल्यानंतर त्यांचे थोरले बंधू गणेश ऊर्फ बाबाराव सावरकर नाशिकचे काम पाहत असत. राजद्रोहात्मक कविता प्रसिद्ध केल्याच्या आरोपावरून बाबारावांवर खटला झाला आणि जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या खटल्याची सुरुवात जिल्हाधिकारी जॅक्सन याच्या न्यायासनापुढे झाली होती व त्यानेच तो सत्र न्यायालयाकडे वर्ग केला होता. नाशिकमधील तरुणांचा रोष त्याच्यावर केंद्रित होण्याचे हे मुख्य कारण होते.

बाबाराव तुरुंगात गेल्यानंतर नाशिकमधील एका गटाचे नेतृत्व कृष्णाजी गोपाळ कर्वे यांच्याकडे आले. कर्वे हे पदवीधर असून कायद्याचे शिक्षण घेत होते. विनायक नारायण देशपांडे हे पंचवटीतील शाळेत शिक्षक होते. औरंगाबादच्या मंडळाशी या गटाचा दुवा गणेश बळाजी वैद्य ऊर्फ गणू वैद्य यांच्यामार्फत होता. जॅक्सनला मारण्याचा विचार नाशिकमध्ये चालू असल्याचे वैद्य यांच्याकडून कळल्यावर कान्हेरे यांनी ते काम आपण करू अशी तयारी दाखवली. गटातील इतरांपेक्षा वयाने लहान असलेल्या कान्हेरे यांच्याकडे प्रत्यक्ष कृती सोपवण्यात आली. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत १९०९ च्या आरंभी पाठवलेल्या २० ब्राउनिंग पिस्तुलांपैकी काही पिस्तुले या गटाच्या हाती आली होती. त्यांचा उपयोग पुढे या कटात झाला. आपल्यामागे आठवण राहावी म्हणून कान्हेरे यांनी स्वतःचे छायाचित्रही काढवून घेतले होते.

औरंगाबादहून नाशिकला येणाऱ्या प्रवाशांना त्या काळी मनमाड येथे गाडी बदलून नाशिक रोड स्थानकावर उतरावे लागे. स्थानक व जुने नाशिक शहर यांत सुमारे आठ ते दहा किलोमीटरचे अंतर असून १८८९ पासून तेथे घोड्यांची ट्राम चालत असे. लोहमार्गाने जोडलेल्या या दोन गावांमध्ये गटातील तरुणांचे येणे-जाणे होत राहिले.

आर्थर जॅक्सन

जॅक्सन हा भारतीय सनदी सेवेतील अधिकारी होता. त्याचा संस्कृतचा व्यासंग मोठा असल्याने तो पंडित जॅक्सन या नावाने ओळखला जाई. मराठी भाषेत व मराठी रंगभूमीतही त्याला रस होता. लोकसमजुती व रूढींविषयी त्याने जमवलेल्या माहितीवरून पुढे आर. ई. एंथोव्हेन याने गुजरात व कोकण यांविषयीचे लोकसाहित्याचे ग्रंथ सिद्ध केले. लोकांत मिसळून सौम्यपणे राज्य करणारा अधिकारी अशी त्याची एक प्रतिमा होती. क्रांतिकारकांच्या मते मात्र हा सौम्यपणा दडपशाहीवरचा मुलामा होता. बाबारावांचा खटला आणि नाशिकचे वकील वामन सखाराम खरे यांच्यावरील कारवाई ही त्यांची उदाहरणे होती.

२१ डिसेंबर १९०९

डिसेंबर १९०९ मध्ये जॅक्सनची बढती होऊन मुंबईस बदली झाली. तो नाशिक सोडण्यापूर्वीच कट पार पाडण्याचे गटाने ठरवले. त्याच्या निरोपाप्रीत्यर्थ विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘संगीत शारदा’ या नाटकाचा प्रयोग ठेवण्यात आला होता. गोविंद बल्लाळ देवल यांचे हे नाटक एका अल्पवयीन मुलीचे वृद्धाशी ठरवलेले लग्न या विषयावर आहे.

योजनेनुसार पहिली गोळी कान्हेरे यांनी झाडावयाची होती. ते अयशस्वी ठरल्यास देशपांडे व त्यानंतर कर्वे यांनी प्रयत्न करावयाचा होता. तिघेही सशस्त्र होते. पकडले गेल्यास इतरांची नावे उघड होऊ नयेत यासाठी कान्हेरे यांनी आत्महत्या करावयाची, असेही ठरले होते. रात्री जॅक्सन नाट्यगृहात येताच कान्हेरे यांनी पुढे होऊन त्याच्यावर गोळ्या झाडल्या. जॅक्सन जागीच मरण पावला. तेथे हजर असलेल्या भारतीय अधिकाऱ्यांनी व इतर लोकांनी कान्हेरे यांना पकडले. त्यामुळे त्यांना स्वतःवर गोळी झाडता आली नाही वा विषही घेता आले नाही. कर्वे व देशपांडे यांना शस्त्र वापरण्याची वेळ आली नाही.

तपास

कान्हेरे यांनी कृत्याची जबाबदारी स्वीकारली व बाबारावांना झालेली शिक्षा हे त्यामागचे कारण सांगितले. आरंभी हे एकट्याचे काम असल्याचे भासत असले तरी काही दिवसांतच पोलीस गणू वैद्य व त्यांच्यामार्फत नाशिकच्या गटापर्यंत पोहोचले. कर्वे, देशपांडे व इतरांना अटक झाली. नाशिक व इतर अनेक ठिकाणी झडत्या झाल्या. पिस्तुलांच्या मागावरून तपास लंडनपर्यंत गेला आणि मार्च १९१० मध्ये विनायक दामोदर सावरकर यांना लंडनमध्ये अटक करण्यात आली.

अटकेनंतर वयाच्या आधारे वेगळी कोठडी, पालकांना कळवणे, समाजकार्यकर्त्याची उपस्थिती किंवा वेगळे न्यायालय यांपैकी कशाचीही तरतूद तत्कालीन कायद्यात या वयाच्या आरोपीसाठी नव्हती. तपासाची व चौकशीची पद्धत कान्हेरे यांच्यासाठी व त्यांच्याहून मोठ्या सहआरोपींसाठी एकच होती.

खटला

जॅक्सन खून खटला मुंबई उच्च न्यायालयाच्या विशेष खंडपीठापुढे चालला. अशा खंडपीठाची तरतूद १९०८ च्या फौजदारी कायदा सुधारणा अधिनियमाने केली होती. त्यात तीन न्यायाधीश असत आणि ज्यूरीची पद्धत नसे. राजकीय स्वरूपाचे खटले लवकर निकाली निघावेत, हा या कायद्याचा हेतू होता. कान्हेरे, कर्वे, देशपांडे, वैद्य यांच्यासह सात जणांवर आरोप ठेवण्यात आले. मार्च १९१० मध्ये निकाल लागून कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना मृत्युदंड झाला. उरलेल्यांना जन्मठेपेपासून सक्तमजुरीपर्यंत निरनिराळ्या शिक्षा झाल्या. वामन ऊर्फ दाजी नारायण जोशी हे शिक्षा झालेल्यांपैकी एक होत.

वय आणि तत्कालीन कायदा

१८६० च्या भारतीय दंड संहितेने वयाच्या दोनच रेषा आखल्या होत्या. कलम ८२ नुसार सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध ठरत नसे. कलम ८३ नुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाला आपल्या कृत्याचे स्वरूप व परिणाम समजण्याइतकी परिपक्वता आली नसेल, तर त्याचे कृत्य अपराध मानले जात नसे. बारा वर्षांवरील प्रत्येक व्यक्ती गुन्ह्याच्या जबाबदारीसाठी प्रौढाच्या बरोबरीची होती.

शिक्षा भोगण्याच्या पद्धतीत मात्र काही सवलती होत्या. १८५० च्या शिकाऊ उमेदवारांविषयीच्या कायद्याने दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना एखाद्या धंद्यात उमेदवारीला लावण्याची सोय केली होती. १८७६ च्या व त्याच्या जागी आलेल्या १८९७ च्या सुधारशाळा अधिनियमाने पंधरा वर्षांखालील शिक्षा झालेल्या मुलग्यांना तुरुंगाऐवजी सुधारशाळेत पाठवण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९९ मध्येही हीच वयोमर्यादा होती. मुंबई इलाख्यात १८५७ मध्ये स्थापन झालेली मुंबईची डेव्हिड ससून संस्था आणि येरवडा येथील शाळा अशा मुलांना सामावून घेत असत. जन्मसाल १८९२ असो वा १८९१, कान्हेरे हे पंधरा वर्षांची मर्यादा ओलांडलेले होते. त्यामुळे यांपैकी एकही तरतूद त्यांना लागू नव्हती.

खुनाबद्दल दंड संहितेच्या कलम ३०२ मध्ये मृत्युदंड किंवा जन्मठेप काळे पाणी अशा दोन शिक्षा होत्या. तरीही १८९८ च्या प्रक्रिया संहितेच्या कलम ३६७ नुसार, मृत्युदंडास पात्र गुन्ह्यात न्यायालयाने त्याहून कमी शिक्षा दिल्यास तिची कारणे नोंदवावी लागत. म्हणजे खुनासाठी फाशी हा नियम आणि जन्मठेप हा अपवाद होता. आरोपीचे कोवळे वय हे कमी शिक्षेचे एक मान्य कारण होते. परंतु ते मानणे सर्वस्वी न्यायाधीशांच्या इच्छेवर अवलंबून असे, आरोपीचा तो हक्क नव्हता.

या इच्छाधीनतेची उदाहरणे महाराष्ट्रातच दिसतात. पुण्यातील चापेकर प्रकरणात १८९९ मध्ये वासुदेव चापेकर व महादेव रानडे या तरुणांना फाशी झाली, तर त्यांचा अल्पवयीन साथीदार खंडेराव साठे याला १० वर्षांची सक्तमजुरी झाली. बंगालमधील खुदिराम बोस यांना ११ ऑगस्ट १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे फाशी देण्यात आले, तेव्हा तेही अठरा वर्षांचे होते. खुद्द इंग्लंडमध्ये १९०८ च्या बालक अधिनियमाने सोळा वर्षांखालील व्यक्तीस फाशी देण्यास बंदी केली होती. ही मर्यादा अठरापर्यंत नेण्यास तेथे १९३३ साल उजाडले. म्हणजे कान्हेरे यांच्यावर इंग्लंडमध्ये खटला चालला असता तरी केवळ वयामुळे त्यांचा मृत्युदंड टळला नसता.

फाशी

१९ एप्रिल १९१० रोजी सकाळी ठाणे कारागृहात कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना फाशी देण्यात आले. त्या वेळी तिघांच्याही नातेवाइकांपैकी कोणीही तेथे नव्हते. मृतदेह नातेवाइकांच्या हवाली न करता कारागृहाच्या अधिकाऱ्यांनीच त्यांचे दहन केले. अस्थीही कुटुंबीयांना देण्यात आल्या नाहीत. त्या ठाण्याजवळ पाण्यात सोडण्यात आल्या. कृत्यापासून शिक्षेच्या अंमलबजावणीपर्यंत ११९ दिवस गेले.

जॅक्सन खुनाच्या तपासातून उभ्या राहिलेल्या नाशिक कट खटल्यात ३८ जणांवर आरोप ठेवण्यात आले. त्याचा निकाल डिसेंबर १९१० मध्ये लागला. विनायक दामोदर सावरकर यांना त्या खटल्यात व त्यानंतर जॅक्सनच्या खुनास साहाय्य केल्याच्या आरोपाखाली अशा दोन जन्मठेपी झाल्या. नाशिकमधील गुप्त मंडळाचे काम या खटल्यांनंतर जवळजवळ थांबले.

कान्हेरे यांच्यानंतर बदललेला कायदा

कान्हेरे यांच्या फाशीनंतरच्या दोन दशकांत तरुण गुन्हेगारांविषयीचे धोरण बदलू लागले. त्याचा त्यांच्या खटल्याशी थेट संबंध नव्हता. भारतातील तुरुंगांची पाहणी करणाऱ्या १९१९–२० च्या समितीने मुलांना तुरुंगात ठेवू नये व त्यांच्यासाठी वेगळी न्यायालये असावीत अशी शिफारस केली. त्यानुसार मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) या प्रांतांनी बालक अधिनियम केले. मुंबईच्या कायद्यात चौदा वर्षांखालील व्यक्ती ‘बालक’ आणि चौदा ते सोळा वर्षांची व्यक्ती ‘तरुण’ मानली गेली. बालगुन्हेगाराला मृत्युदंड देऊ नये, हे तत्त्व या कायद्यांमधून भारतात आले. १९२९ च्या मुंबई बोर्स्टल शाळा अधिनियमाने सोळा ते एकवीस वर्षे वयाच्या, तुरुंगवासाची शिक्षा झालेल्या तरुणांना प्रौढ कैद्यांपासून वेगळे ठेवून शिक्षण व धंदेशिक्षण देण्याची सोय केली.

मृत्युदंडाविषयीचा नियमही उलटला. फाशी न देण्याची कारणे नोंदवण्याची अट १९५५ च्या दुरुस्तीने गेली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५४ ने, फाशी द्यावयाची असल्यास त्याची विशेष कारणे नोंदवणे बंधनकारक केले. १९८० मध्ये बचनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मृत्युदंड विरळातील विरळ प्रकरणांपुरता मर्यादित केला आणि आरोपीचे लहान वय ही सौम्यतेकडे झुकवणारी बाब मानली.

सर्व देशासाठी एकच बालन्याय कायदा १९८६ मध्ये झाला. त्यात मुलग्यांसाठी सोळा व मुलींसाठी अठरा वर्षांची मर्यादा होती. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत भारत १९९२ मध्ये सहभागी झाला. त्या संहितेला अनुसरून २००० च्या कायद्याने दोघांसाठीही अठरा ही मर्यादा ठरवली. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कार व खून प्रकरणात एक आरोपी अठरा वर्षांखालील होता. त्यावरून झालेल्या देशव्यापी चर्चेनंतर २०१५ चा बालकांची काळजी व संरक्षण अधिनियम आला व तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे.

आजच्या कायद्यातील तुलनात्मक स्थिती

२०१५ च्या कायद्यात अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती बालक मानली जाते आणि अपराधाचा आरोप असलेल्या अशा बालकासाठी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ ही संज्ञा वापरली जाते. वय मोजताना अटकेचा वा निकालाचा नव्हे, तर कृत्याचा दिवस धरला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रतापसिंग विरुद्ध झारखंड राज्य (२००५) या खटल्यात हे स्पष्ट केले. या कसोटीने ७ जानेवारी १८९२ ही जन्मतारीख असलेली व्यक्ती २१ डिसेंबर १९०९ रोजी बालक ठरते. १८९१ चे जन्मसाल असलेली व्यक्ती प्रौढ ठरते.

बालकाला पोलीस कोठडीत किंवा कारागृहात ठेवता येत नाही. त्याला चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी व दोन समाजकार्यकर्ते असतात आणि त्या दोघांपैकी एक तरी स्त्री असावी लागते. चौकशीच्या काळात बालकाला निरीक्षणगृहात ठेवले जाते. मंडळ जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी विशेष गृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकते.

सोळा ते अठरा वर्षांच्या बालकावर खुनासारख्या निर्घृण गुन्ह्याचा आरोप असल्यास वेगळी पद्धत आहे. कृत्य करण्याची त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची त्याला असलेली जाण आणि कृत्य घडले ती परिस्थिती यांचे मंडळ प्राथमिक मूल्यमापन करते. त्यानंतर ते प्रकरण बालन्यायालयाकडे पाठवू शकते व तेथे बालकावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. पूर्वनियोजन, शस्त्राचा सराव व मोठ्यांनी सोपवलेली कामगिरी या कान्हेरे यांच्या प्रकरणातील तिन्ही बाबी अशा मूल्यमापनाच्या कक्षेत येतात. पहिल्या दोन बाबी परिणामांची जाण दाखवतात, तर तिसरी बाब मोठ्यांच्या प्रभावाकडे निर्देश करते. निष्कर्ष कोणताही निघाला तरी कलम २१ नुसार बालकाला मृत्युदंड किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप देता येत नाही, आणि एकवीस वर्षांचा होईपर्यंत त्याला कारागृहाऐवजी सुरक्षित स्थानी ठेवावे लागते. कर्वे व देशपांडे हे प्रौढ असल्याने त्यांचा खटला मात्र नेहमीच्या न्यायालयातच चालला असता; मोठ्यांचा व बालकाचा खटला एकत्र चालवण्यास कायद्याने मनाई आहे.

वय ठरवण्यासाठी कलम ९४ मध्ये पुराव्यांचा क्रम दिला आहे. प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र, ते नसल्यास नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला आणि तोही नसल्यासच हाडांच्या वाढीवरून वय ठरवणारी वैद्यकीय चाचणी असा तो क्रम आहे. अल्पवयाचा दावा निकाल अंतिम झाल्यानंतरही करता येतो. १९९४ मधील पुण्याच्या एका खून खटल्यात मृत्युदंड झालेला एक कैदी कृत्याच्या वेळी अवघ्या बारा वर्षांचा होता, असे शाळेच्या नोंदीवरून सिद्ध झाले. २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची मुक्तता केली. जन्मनोंदीतील एका सालावर जीवन-मरण अवलंबून असू शकते, याचे हे महाराष्ट्रातील अलीकडचे उदाहरण आहे.

नाशिक व नाशिक रोड येथील संस्था

कान्हेरे यांच्या काळात नाशिक रोड येथे मोठे कारागृह नव्हते. नाशिक रोड मध्यवर्ती कारागृह १९२७ मध्ये सुरू झाले व पुढे स्वातंत्र्य चळवळीतील अनेक सत्याग्रही तेथे बंदिवान होते. ते प्रौढ कैद्यांसाठी आहे. कारागृह विभागाचे किशोर सुधारालय, म्हणजेच बोर्स्टल पद्धतीची संस्था, नाशिकमध्येच आहे. चौकशी चालू असलेल्या अठरा वर्षांखालील मुलांसाठीचे निरीक्षणगृह नाशिकच्या उंटवाडी भागात आहे. प्रौढ कैदी, तरुण कैदी आणि बालक अशा तीन वयोगटांसाठीच्या तीन निरनिराळ्या संस्था आज एकाच शहरात आहेत. १९०९ मध्ये या तिन्ही वयोगटांसाठी नाशिकमध्ये पोलीस कोठडी व तुरुंग हीच व्यवस्था होती.

स्मृती

स्वातंत्र्योत्तर काळात कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांचा हुतात्मे म्हणून गौरव करण्यात आला. नाशिकमधील गोल्फ क्लब मैदानाला ‘हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान’ असे नाव देण्यात आले असून तेथे रणजी करंडक स्पर्धेतील क्रिकेट सामने झाले आहेत. जॅक्सनचा खून जेथे झाला ते विजयानंद नाट्यगृह जुन्या नाशिकमध्ये आहे. पुढील काळात त्याचे चित्रपटगृहात रूपांतर झाले.

कान्हेरे यांचे नाव, गाव, शाळा व छायाचित्र त्यांच्या अटकेनंतर सर्वत्र प्रसिद्ध झाले आणि त्यांच्या स्मृतीचा तोच आधार ठरला. २०१५ च्या कायद्याच्या कलम ७४ नुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाचे नाव, पत्ता, शाळा वा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई असून, त्याच्या अपराधामुळे पुढील आयुष्यात त्याला कोणतीही अपात्रता येऊ नये अशीही तरतूद आहे. प्रौढाप्रमाणे खटला चालून दोषी ठरलेल्या सोळा वर्षांवरील बालकाला मात्र अपात्रतेपासूनचे हे संरक्षण मिळत नाही.